एकाच जागी ठेवलेली हाक

माय,

मागच्या महिन्यात तुझा आवाज माझ्या हातनं पुसला गेला. कुणी चोरला नाही, मशीन बिघडलं नाही, लाइट गेली नाही. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, चांगली शुद्धीवर असताना मीच तो पुसला. वर मशीननं मला विचारलं होतं, हे कायमचं पुसलं जाईल, परत मिळणार नाही, नक्की पुसायचं का? आणि मी हो म्हटलं. शाळेत पोरांना मी सांगत असते की प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग दिवसभर मला बोलत बसली असतीस. तेवढ्यासाठी तरी तू असायला हवी होतीस, कारण घरात दुसरं कुणी मला नीट बोलतच नाही. सगळे नुसते सल्ले देतात.

येडशीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते हे तुला माहीत आहे. पुढचं मात्र तू गेल्यानंतरचं आहे. शाळेत पालक यायचे ते पोराच्या अभ्यासाचं राहिलं बाजूला, मलाच विचारायचे, "म्याडम, तुमच्या घरी शेळ्या व्हत्या म्हनं. आमच्या शेळीनं दोन दिस झालं चारा सोडलाय." मग मला जे माहीत होतं ते मी सांगायचे, जे नव्हतं ते जनावरांच्या डॉक्टरला विचारून सांगायचे. तेच तेच सांगून घसा बसला तेव्हा लिहून काढायला लागले, आणि लिहिलेलं सगळ्यांना फोनवर वाचता यावं म्हणून एक वेबसाइट केली. करडाला पहिला चीक कधी पाजायचा, लसी कोणत्या महिन्यात, पोट फुगलं तर आधी काय करायचं, बोकड विकताना वजन कसं बघायचं, असं सगळं. रंग, अक्षरं, चित्रं, सगळं मीच शिकून शिकून लावलं, म्हणून ते दिसायलाही तसंच होतं. तुझ्या जावयानं पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाला, "लग्नपत्रिका केलीस का गं ही?" पण लोक वाचायचे. खाली प्रश्न लिहायचे. लातूरकडचे, बीडकडचे, एकजण तर आखाती देशात कामाला होता आणि गावाकडच्या आईच्या शेळ्यांसाठी तिथनं विचारायचा.

आणि त्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर, सगळ्यात वर, तू होतीस.

तुला आठवतं का कोण जाणे. मी नवीन बटणाचा फोन घेऊन माहेरी आले होते. उन्हाळ्याचे दिवस, ऊन कलायला लागलेलं. तू वाड्याच्या, म्हणजे आपल्या त्या काट्याच्या कुंपणाच्या तोंडाशी उभी होतीस, आणि शेळ्या ओढ्याच्या पलीकडं बोरीला लागल्या होत्या. तू हाक घातलीस. "हुर्रर्रऽऽ, याऽ गं बायांनोऽ, याऽऽ." शेळ्यांना तू बायांनो म्हणायचीस. मला तर कधी नावानंसुद्धा हाक मारली नाहीस, कायम "ये खुळे". मी फोन पुढं धरला आणि बटण दाबलं. तू दुसऱ्यांदा हाक घातलीस, तिसऱ्यांदा घातलीस, आणि मग तुझं लक्ष माझ्याकडं गेलं. "आगं खुळे, काय धरलंयस ते तोंडाम्होरं? ठिव की ते डबडं! निस्ती उभी ऱ्हाती खांबावानी. चल, हो म्होरं!" मग माझं हसणं, आणि खट्. संपलं. पुढच्याच थंडीत तू गेलीस. मतदानाच्या कार्डावरचा तो घाबरलेला फोटो आणि ही हाक, एवढंच तुझं माझ्याकडं राहिलं. शेवटची बोलणी मला कापता येत नव्हती म्हणून तशीच ठेवली होती. खाली लोक लिहायचे, म्याडम, शेवटी तुमची चांगली खरडपट्टी निघाली.

आता मूर्खपणा ऐक. तो आवाज आधी फोनमध्ये होता, मग लॅपटॉपमध्ये घेतला. फोन बिघडला, टाकून दिला. लॅपटॉप म्हातारा झाला, भंगारात घातला, तेव्हा वाटलं, असू दे, साइटवर आहे की. नव्या मोबाइलमध्येही एक प्रत होती, ती जागा भरली म्हणून पुसली. साइटवर आहे की! दरवेळी हेच. कुठलीही गोष्ट जपायची वेळ आली की मी ती साइटवर आहे म्हणून हात झटकायचे, आणि ती साइट कुठं आहे, कशावर उभी आहे, हे एकदाही विचारलं नाही.

ती उभी होती "चाचणी" नावाच्या फोल्डरवर. सुरुवातीला शिकताना मी एक फोल्डर केलं, त्याला चाचणी नाव दिलं, म्हणजे इथं काही मोडलं तरी चालेल. सगळं जमलं की नीट जागी हलवू असं ठरवलं होतं. जमलं, लोक यायला लागले, आणि हलवायचं राहून गेलं. त्या रविवारी करडांच्या लसीकरणाचे फोटो चढवायला गेले तर जागा शिल्लक नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, जुनाट कचरा काढावा. बघते तर हे चाचणी, एवढं मोठं फुगलेलं. कशाला हवंय आता चाचणी? पुसलं. नक्की का? हो. मग समाधानानं हात पुसून साइट उघडली, तर पांढरं पान. फक्त एक ओळ, की तुम्ही शोधताय ते इथं नाही. मी ते पान परत परत उघडत राहिले. दार वाजवल्यासारखं. जणू आत कुणीतरी आहे आणि जरा वेळानं कडी काढील.

सोमवारी मधल्या सुट्टीत, जिच्याकडं मी साइटसाठी जागा भाड्यानं घेतलेली आहे त्या कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ सनई. मग एक बाई आली, फार गोड बोलणारी. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काळजी करू नका मॅडम. बॅकअप असेलच ना तुमच्याकडं?"

असेलच! मी म्हटलं, "असता तर तुम्हाला फोन कशाला केला असता?"

"आपल्या योजनेत आमच्याकडून बॅकअप येत नाही मॅडम. त्याची योजना वेगळी असते."

"हे आधी का सांगितलं नाही?"

"अटींमध्ये आहे मॅडम. तुम्ही मान्य केलं होतं." आणि मग तिनं विचारलं की आज मी तुमची आणखी काही मदत करू शकते का. आणखी! माय, मला त्या बाईचा राग यायला नको होता, ती तिची नोकरी करत होती. पण शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्याकडं बघायला लागले इतक्या जोरात मी "नको" म्हणाले.

घरी तुझा जावई. दिवसभर एसटीत उभं राहून तिकिटं काढून आलेला माणूस, त्याला चहा पण होऊ दिला नाही आणि सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे बूट काढले आणि म्हणाला, "आमचं तिकिटाचं मशीन असतं ना, ड्युटी संपली की रोज त्यातलं समदं डेपोत उतरवून घेत्यात. तू उतरवून घेत न्हवतीस?"

"नव्हते घेत."

"का बरं?"

"कारण मी डेपो नाही."

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. त्याचं काही चुकलं नव्हतं. तेच तर सहन होत नव्हतं.

हे सगळं चालू असताना मला ती साथ आठवली. मी चौथीत-पाचवीत असेन. त्याच्या आदल्या वर्षी तू तीन चांगल्या शेळ्या मावशीच्या गावी अर्धलीनं दिल्या होत्यास. त्यांनी सांभाळायच्या आणि होतील ती करडं निम्मी निम्मी वाटून घ्यायची, असं. त्यात माझी ती पांढऱ्या कानाची काळी होती. त्या दिवशी मी जेवले नव्हते. चुलीपुढं तू भाकरी थापत होतीस आणि मी दाराशी बसून रडत होते, तेव्हा तू मागं न बघता म्हणालीस, "समद्या हितंच ठिवून काय पूजा करायची का? गिळ गपगुमान." मग पुढच्या पावसाळ्यात बुळकांड्या आला. नाकातनं पाणी, तोंडात फोड, हगवण. कुंपणाच्या आत रोज सकाळी एक-दोन पडलेल्या असायच्या. शेवटी उरली ती एक म्हातारी शेळी, आणि तिला कुणी विकतही घेतलं नसतं. दिवाळीनंतर तू मावशीच्या गावाला गेलीस आणि माझी काळी, तिची दोन करडं आणि आणखी एक पाठ, अजून न व्यालेली तरणी शेळी, घेऊन चालत आलीस; बाकीच्या मावशीकडंच राहिल्या. तिथपासून परत सगळं उभं राहिलं.

आता मला इथं असं लिहिता आलं असतं की माय, तुला सगळं कळत होतं, तू निरक्षर असून तुझ्याकडं केवढी दूरदृष्टी होती. शाळेतल्या भाषणात असलं चांगलं चालतं. पण खरं सांगू? तू त्या शेळ्या दिल्यास कारण आपलं कुंपण लहान होतं आणि मावशी तुझ्या मागंच लागली होती. साथ येणार हे तुला ठाऊक नव्हतं. नंतर मात्र तू दरवर्षी दोन-चार बाहेर द्यायला लागलीस, आणि कुणी विचारलं तर नुसती "असू द्यावं" म्हणायचीस. म्हणजे तूही आधी सगळं गमावलंस आणि मग शिकलीस. त्या आठवड्यात मला एवढाच काय तो आधार होता, आणि त्याचाही रागच येत होता, की घरात हे घडलेलं बघूनसुद्धा मी काही शिकले नाही.

लिहिलेलं कसं परत मिळालं ते ऐकलंस तर तुला पटणार नाही. माझे लेख लोक उचलायचे. माझं नाव काढून व्हॉट्सॅपवर फिरवायचे, खाली आपलं नाव घालायचे. एका गृहस्थानं तर पोटफुगीवरचा माझा अख्खा लेख स्वतःचा फोटो लावून दिला होता. त्यावर मी साइटवर संतापून एक वेगळं पानच लिहिलं होतं, चोरांनो लाज धरा अशा अर्थाचं. आता मी त्याच चोरांच्या दारात गेले. शेळीवाल्यांचे जेवढे ग्रुप माहीत होते तेवढ्यांत शिरले आणि जुने मेसेज वर वर सरकवत माझाच माल गोळा करायला लागले. चिकाचा लेख आपल्या वाशी तालुक्याच्या ग्रुपमध्ये सापडला, बोकडाच्या वजनाचा एका औषधाच्या दुकानदाराकडं. पोटफुगीचा लेख त्या फोटोवाल्या गृहस्थाकडनंच घ्यावा लागला. तो परत साइटवर चढवला, तर आठवड्याच्या आत त्यानं खाली लिहिलं, "मॅडम, दुसऱ्याचे लेख न विचारता वापरणे आपल्यासारख्या शिक्षिकेला शोभत नाही." मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी "धन्यवाद" एवढंच लिहिलं, कारण खरोखर त्याच्यामुळंच तो लेख वाचला होता. या एका शब्दानं माझं डोकं दिवसभर दुखत होतं.

चोरांवरचं ते पान मात्र कुठंच मिळालं नाही. ते कुणीच चोरलं नव्हतं.

पण तू मिळत नव्हतीस. लेख लोक पुढं पाठवतात, हाक कोण कशाला पाठवील? मी सगळ्या ग्रुपांत लिहिलं, साइटवर एका बाईचा शेळ्यांना बोलवायचा आवाज होता, कुणाकडं असेल तर कृपा करून द्या. कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले, कुणी शुभ सकाळची फुलं पाठवली. एकानं लिहिलं की मॅडम, बॅकअप ठेवायला हवा होता. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले.

मग एका शनिवारी शाळा सुटता सुटता एक फोन आला. तेरखेड्याचा माणूस, आवाजावरनं वयस्कर, मागं शेळ्या ओरडताहेत.

"ताई, तुमी ज्या आवाजाचं इचारलंय, ती म्हातारी माझ्या फोनात हाय."

माझे पाय तिथंच थांबले. म्हटलं, "मामा, ती माझी माय आहे."

"व्हय का? आमी आपलं म्हातारीच म्हंतो. भाच्यानं उतरवून दिलती. रोज लावतो की."

"रोज?"

"रोज. तिच्याबिगर येतच न्हाईत शेळ्या."

मी म्हटलं, मला पाठवून द्या. तर ते त्यांना येत नव्हतं, आणि भाचा लांब कामाला गेला होता. "तुमीच या की हिकडं. चा पिऊन जावा," म्हणाले. तुझा जावई त्या दिवशी सुट्टीवर होता. मी काही विचारायच्या आत त्यानं पिशवीत पेन ड्राइव्ह, दोन वायरी आणि कुठनं आणली कोण जाणे अशी आणखी एक वायर भरली. आमचं बोलणं सुरू झालं ते असं.

मामा फाट्यावर येऊन थांबले होते. हमरस्त्याला लागून फटाक्यांची दुकानं आहेत तिथनं आत चालत गेलं की त्यांचा माळ लागतो. घरात नवरा-बायको दोघंच. माळावर पंचवीस-तीस काळ्याभोर शेळ्या पांगलेल्या. मामा म्हणाले, लांबवर फटाक्यांच्या कारखान्यात कुठं फटाका उडवून बघतात, तो धाडकन वाजला की या उधळतात आणि जाऊन बाभळीच्या रानात घुसतात. शेळ्यांना हाका मारून मारून मामांना दम लागायचा. छातीत दुखायला लागलं तेव्हापासून डॉक्टरनं ओरडू नका म्हणून सांगितलंय. "मग म्हन्लं, ही म्हातारी चांगली दणकून वरडती, हिलाच लावावं."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात खरंच एक आवाज झाला, आणि एका क्षणात माळ रिकामा. मामांनी घाई केली नाही. खोपीतनं एक काठी आणली, काठीच्या टोकाला सुतळीनं बांधलेला लहानसा स्पीकर. फोन डोळ्यांजवळ नेऊन बोटानं दाबला आणि काठी वर धरली.

"हुर्रर्रऽऽ, याऽ गं बायांनोऽ, याऽऽ."

माय, तू त्या माळावरनं ओरडलीस. इतक्या वर्षांनी, इतक्या मोठ्यानं. मी दोन्ही हातांनी पिशवी घट्ट धरली. बाभळीत काहीच हाललं नाही. तू दुसऱ्यांदा ओरडलीस, तिसऱ्यांदा ओरडलीस. दोन कान तेवढे दिसले. मला वाटलं, झालं, आज पाहुण्यांपुढं फजिती. मी मामांकडं बघितलं तर ते म्हणाले, "थांबा वो."

मग तू मला बोलायला लागलीस. आगं खुळे, काय धरलंयस ते, ठिव की ते डबडं. आणि "चल, हो म्होरं!" म्हणालीस तशी ती सगळी बाभळ हालली. एकामागनं एक, करडं आयांच्या पोटाला लागून, धावत, पार आमच्या पायात. माझं ते हसणं वाजेपर्यंत म्होरकी शेळी स्पीकरखाली येऊन उभी होती.

"हाकेला न्हाईत येत त्या," मामा म्हणाले. "बाई चिडली की मग येत्यात. ती चिडली म्हंजी आता भरडा खायाला मिळनार, असं बसलंय त्यांच्या डोस्क्यात."

मामी चुलीपुढनं ओरडल्या, "त्यांचं काय घिऊन बसलाव? ती बोलाय लागली की आमचं हे बी उठत्यात!"

तुझा जावई एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. मला आधी रागच आला. जन्मभर तू मला हो म्होरं म्हणालीस आणि मी दाराशी फुगून बसले, आणि इथं परक्या माळावरच्या शेळ्या तुझ्या एका शब्दावर धावत येतात. मग मामींनी चहा दिला, तो मला धड पिता आला नाही.  माझ्या कपावर त्यांनी बशी झाकून ठेवली.

आवाज काढून घेताना आणखी एक गंमत. मामांचा फोन गच्च भरलेला, तो काहीतरी पुसा म्हणून सांगायला लागला. मामा बोट लावणार तोच मी ओरडले, "नका! काही पुसू नका! कशालाच हो म्हणू नका!" शेळ्या परत उधळल्या. तू परत एकदा लावावी लागलीस.

आता तू पाच-सहा जागी आहेस. साइटवर आहेस, नव्या लॅपटॉपमध्ये आहेस, कपाटात पेन ड्राइव्हमध्ये आहेस, पुण्याला भावाकडं आहेस, तुझ्या जावयाच्या फोनमध्ये बसून रोज एसटीतनं फिरतेस, आणि तेरखेड्याला माळावर तर आहेसच. दर रविवारी दुपारी, जेवायच्या आधी, मी सगळ्या साइटची प्रत काढते आणि ती उघडून बघते, कारण नुसती काढून उपयोग नसतो हेही मला नंतर, दुसऱ्या एका रविवारी, कळलं. त्याचं सांगत बसत नाही. एकदा बोलणी खाल्ली तेवढी पुरे. फोल्डरला आता "हात लावू नये" असं नाव दिलंय. साइट परत आधीसारखी झाली नाही, दोन पानं वाकडी दिसतात, आणि जुने प्रश्न गेले ते गेलेच. तो आखाती देशातला मुलगाही परत आला नाही. त्यानं शेवटी विचारलेल्या, त्याच्या आईच्या आजारी शेळीचं काय झालं हे मला आता कधीच कळणार नाही, आणि ते मला टोचतं.

हे लिहायला बसले ते तुला सांगावं म्हणून. आज रविवार आहे, प्रत काढून झाली, उघडून बघून झाली. जावई आतनं विचारतोय की सगळं उतरवून घेतलंस का, आणि मी हो म्हणून सांगितलं. हे पत्र मात्र त्यात घेतलेलं नाही, माय. हे एकाच जागी आहे.